नाकाच्या अस्तरातले न्यूरोपेप्टाइड कसे रंगवायचे: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

वर्षाचं तिखट करायला मिरच्या भाजायला घेतल्या की शेजारच्या घरातलेही शिंकू लागतात. नाक वाहतं, मग चोंदतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नाकातल्या ट्रायजेमिनल चेतातंतूंच्या टोकांवरचा टीआरपीव्ही१ हा रिसेप्टर उघडतं. तो तंतू मेंदूला निरोप धाडतो आणि त्याच वेळी स्वतःच्या टोकातून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही न्यूरोपेप्टाइडं, म्हणजे चेतापेशींनी बनवलेल्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, आजूबाजूला सोडतो. रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव पाझरतो. मेंदूकडून परत येणारा पॅरासिम्पथेटिक निरोप ग्रंथींना स्रवायला लावतो, आणि त्या तंतूंमध्ये असिटाइलकोलिनच्या जोडीला व्हीआयपी हे पेप्टाइड असतं. काही माणसांत ही सगळी यंत्रणा थंड हवा, उदबत्ती, अत्तर एवढ्यानेही चालू होते. त्यांच्या नाकातल्या चेतातंतूंत काही फरक आहे का, हे पाहण्यासाठी आपण हे रंगकाम करतो.

मी हे काम शिकले तेव्हा मला एकच गोष्ट नीट सांगायला हवी होती: इथे निकाल अँटिबॉडी (ठरावीक पेप्टाइड ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन, त्यावरूनच रंग उमटतो) टाकताना ठरत नाही. तो ऊतक रुग्णाच्या नाकातून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरतो, आणि तो खरा की खोटा हे कंट्रोल स्लाइड (पडताळणीसाठी सोबत रंगवलेली) सांगते. म्हणून या लेखात या दोन गोष्टींवर जास्त जागा खर्च केली आहे.

काय शोधायचं आहे?

नाकात तीन प्रकारचे चेतातंतू येतात. संवेदी तंतू ट्रायजेमिनलचे. त्यांत सबस्टन्स पी, न्यूरोकायनिन ए आणि सीजीआरपी. पॅरासिम्पथेटिक तंतू स्फीनोपॅलाटाइन गँग्लिऑनमधून (गँग्लिऑन म्हणजे चेतापेशींची गाठ) येतात, त्यांत व्हीआयपी. सिम्पथेटिक तंतू मानेतल्या वरच्या गँग्लिऑनमधून. त्यांत नॉरअ‍ॅड्रेनलिनसोबत न्यूरोपेप्टाइड वाय, म्हणजे एनपीवाय. यांपैकी सबस्टन्स पी सर्वांत जुनं. १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांना ते सापडलं, पण त्याची रचना कळायला १९७१ उजाडलं. व्हीआयपी १९७० मध्ये आणि एनपीवाय १९८२ मध्ये वेगळं काढलं गेलं.

पेप्टाइड तयार होतं ते गँग्लिऑनमधल्या पेशीत. नाकात पोचतं ते तंतूतून वाहत येऊन, आणि तंतूवरच्या बारीक फुगवट्यांत साठून राहतं. म्हणून खरा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो. हे चित्र आत्ताच डोक्यात बसवा, पुढे फार कामाला येईल.

कुठे काय दिसायला हवं, याचाही अंदाज आधी असावा. सबस्टन्स पी आणि सीजीआरपीचे तंतू एपिथेलियमच्या (अस्तराच्या सर्वांत वरच्या पेशीथराच्या) लगत, लहान रक्तवाहिन्यांभोवती आणि थोडे ग्रंथींजवळ असतात. माणसाच्या नाकात ते विरळच असतात. एका सेक्शनमध्ये, म्हणजे ऊतकाच्या पातळ कापात, चार-पाचच दिसले म्हणून निराश होऊ नका. व्हीआयपी ग्रंथींभोवती दाट. एनपीवाय धमन्यांच्या भिंतीत, जणू वाहिनीला जाळी गुंडाळल्यासारखं.

थिएटरमध्ये जाण्याआधी

इथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती या दोन गोष्टी हातात असल्याशिवाय बाटली उघडायचीसुद्धा नाही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत हवं. "शस्त्रक्रियेत तसाही काढला जाणारा तुकडा आम्ही अभ्यासासाठी वापरू, त्यासाठी जास्तीचं काही कापणार नाही," हे वाक्य समोर बसून सांगितलं की बहुतेक शंका मिटतात. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी.

सोबत एक नोंदवही ठेवा. रुग्णाचं वय, अ‍ॅलर्जी आहे की नाही, तंबाखू-सिगारेट, नाकातले स्टेरॉइड स्प्रे, नाक मोकळं करणारे थेंब शेवटचे कधी घातले, कोणत्या बाजूचा तुकडा, तो किती वाजता कापला आणि किती वाजता फिक्सेटिव्हमध्ये (ऊतक आहे तसं टिकवणाऱ्या द्रावणात) पडला. शेवटच्या दोन वेळा लिहायला लोक विसरतात आणि नंतर नेमक्या त्याच हव्या असतात.

बहुतेक वेळा आपल्याला इन्फिरिअर टर्बिनेटचा (नाकाच्या आतली खालची, हाडावर अस्तर चढलेली घडी) तुकडा मिळतो, टर्बिनेट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेतून. शस्त्रक्रियेआधी सर्जनशी बोलून घ्या. "सर, कॉटरी लावण्याआधी मला थंड सुरीने काढलेला एक तुकडा द्याल का?" एवढं विचारलं तरी पुरतं. कॉटरीने, म्हणजे ऊतक भाजून रक्त थांबवणाऱ्या उपकरणाने, भाजलेल्या कडेला कुठलाही रंग घट्ट चिकटतो आणि त्याचा अर्थ लावता येत नाही. बधिर करणारं इंजेक्शन जिथे टोचलं तिथे ऊतक पाण्याने फुगलेलं असतं, तेही टाळलेलं बरं.

पहिला अर्धा तास

तुकडा हातात आला की तो गुलाबी, बुळबुळीत आणि रक्ताळलेला असतो. थंड बफरमध्ये हलकेच बुडवून रक्त धुवा. चोळू नका, एपिथेलियम सोलून निघतं. आत हाडाची कपची असेल तर ती चिमट्याने अलगद सोडवा, नाहीतर क्रायोस्टॅटचं, म्हणजे गोठवलेलं ऊतक कापणाऱ्या यंत्राचं, पातं एका फटक्यात खराब होईल. पाच मिलिमीटरपेक्षा जाड तुकडा असेल तर दोन करा. फिल्टर पेपरच्या लहानशा तुकड्यावर तो एपिथेलियम वर येईल असा पसरवा. असं केलं नाही तर तो गुंडाळतो आणि पुढे सेक्शन तिरके पडतात.

आता फिक्सेटिव्ह. मी झांबोनीचं द्रावण वापरते: २ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, १५ टक्के संपृक्त पिक्रिक आम्ल, ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.३ च्या आसपास. साधं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडही चालतं. पॅराफॉर्मल्डिहाइड ६० अंशांपर्यंत तापवलेल्या पाण्यात टाकायचं, ढगाळ राहिलं तर सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घालत जायचे. दुधट द्रावण हळूहळू निवळतं. मग थंड करून, गाळून पीएच जुळवायचा. हे सगळं फ्यूम हूडमध्येच.

पिक्रिक आम्लाबद्दल एक गंभीर सूचना. ते कोरडं पडलं तर स्फोटक होतं. बाटलीत कायम पाण्याखाली ठेवा. जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती पिवळे स्फटिक दिसले तर झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका, थेट सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा.

एवढी घाई कशासाठी? सबस्टन्स पी हे केवळ ११ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. व्हीआयपी २८ चं, एनपीवाय ३६ चं, सीजीआरपी ३७ चं. इतके लहान रेणू ऊतकातून सहज वाहून जातात, आणि नाकाच्या अस्तरात त्यांना तोडणारी एन्झाइमंही असतात. अल्डिहाइड त्यांना धरतं ते मुख्यतः अमिनो गटांना, म्हणजे साखळीच्या सुरुवातीला आणि लायसिनला. सबस्टन्स पीमध्ये लायसिन एकच आहे, तिसऱ्या जागी. म्हणजे अल्डिहाइडची पकड साखळीच्या सुरुवातीकडे बसते आणि शेपूट मोकळं राहतं. सबस्टन्स पीच्या बऱ्याच अँटिबॉडी त्या शेपटालाच ओळखतात, म्हणून फिक्सेशननंतरही हे काम जमतं. मात्र तेच शेपूट पुढे एक अडचणही निर्माण करतं. ती कंट्रोलच्या भागात येईल.

चार अंशांवर ४ ते ६ तास फिक्स करा. लहान तुकडा रात्रभर राहिला तरी चालतो, पण शनिवार-रविवार त्यातच पडून राहू देऊ नका. मग १५ टक्के साखरेच्या बफरमध्ये, दिवसातून दोन-तीनदा द्रावण बदलत, पिवळा रंग उतरेपर्यंत धुवा. लॅबमध्ये साखर म्हणजे सुक्रोज, किराणा दुकानातली नव्हे. शेवटी ३० टक्के सुक्रोजमध्ये टाका. तुकडा आधी तरंगतो. तो तळाला बसला की गोठवायला तयार झाला.

गोठवणं आणि कापणं

तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये थेट बुडवू नका. त्याच्याभोवती वायूचं कवच तयार होतं, गोठणं मंदावतं, ब्लॉक तडकतो. धातूच्या पेल्यात आयसोपेंटेन घेऊन तो पेला नायट्रोजनमध्ये धरा. पेल्याच्या तळाशी पांढरी साय धरू लागली की ते पुरेसं थंड झालं. ओसीटी (ऊतक गोठवताना भोवती घालायचा घट्ट द्रव) भरलेल्या साच्यात तुकडा एपिथेलियम एका बाजूला उभं राहील असा बसवा आणि ३० सेकंद बुडवा. आयसोपेंटेन अतिज्वलनशील आहे. आसपास बर्नर नको.

बर्फाचे स्फटिक झाले तर ऊतकात भोकं पडतात. नाकाच्या अस्तरात ही चूक ओळखणं अवघड असतं, कारण टर्बिनेटमध्ये रक्ताच्या मोठ्या पोकळ्या मुळातच असतात. फरक असा: खऱ्या पोकळीला आतून पेशींचं अस्तर असतं, बर्फाच्या भोकाला नसतं.

ब्लॉक उणे ८० अंशांत ठेवा. क्रायोस्टॅट उणे २० ते उणे २२. जाडी किती ठेवायची, यावर माझं मत ठाम आहे: पॅथॉलॉजीच्या सवयीने ४-५ मायक्रॉनचे सेक्शन कापू नका. इतक्या पातळ कापात तंतूचा एखादा मणी तेवढा हाती लागतो, आणि एकटा ठिपका तंतू आहे की कचरा हे कोणी सांगू शकत नाही. २० मायक्रॉन घ्या, म्हणजे माळ सलग दिसते. सेक्शन पॉली-एल-लायसिन लावलेल्या स्लाइडवर उचला आणि तासभर सुकवा. नाकाचं ऊतक जाळीदार असतं, साध्या काचेवरून ते दुसऱ्याच धुण्याला सुटून जातं.

पावसाळ्यात मुंबई-कोकणाच्या दमट हवेत एक वेगळंच संकट येतं. फ्रीझरमधून काढलेला स्लाइडचा डबा लगेच उघडला की क्षणात सगळ्या स्लाइडवर दव धरतं आणि सेक्शन भिजून सैल होतात. डबा बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा.

पॅराफिन ब्लॉकच (मेणात बसवलेलं ऊतक) हाती असतील तर? पीजीपी ९.५ हा सगळ्या चेतातंतूंचा सर्वसाधारण मार्कर पॅराफिनमध्ये छान रंगतो, सायट्रेट बफरमध्ये उकळून घेतल्यावर. पेप्टाइडं मात्र फिकी पडतात. सुरुवात गोठवलेल्या ऊतकानेच करा.

रंगाचे दोन दिवस

चमकणारा रंग घ्यायचा की तपकिरी, हे आधी ठरवा. फ्लोरेसन्समध्ये दोन पेप्टाइडं एकाच तंतूत दिसू शकतात. संवेदी तंतूंत सबस्टन्स पी आणि सीजीआरपी बऱ्याचदा जोडीने असतात, ते त्यातच कळतं. पेरॉक्सिडेज हे एन्झाइम आणि त्याने तपकिरी होणारं डीएबी यांची स्लाइड वर्षानुवर्षं टिकते आणि साध्या सूक्ष्मदर्शकावर पाहता येते. नवख्याने आधी फ्लोरेसन्स शिकावं असं मला वाटतं, त्यात पायऱ्या कमी आहेत.

पहिला दिवस. स्लाइड बफरमध्ये पाच-पाच मिनिटं तीनदा धुवा, ओसीटी विरघळून जातं. सेक्शनभोवती मेणाच्या पेनने वर्तुळ काढा. ०.३ टक्के ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) घातलेल्या बफरमध्ये अर्धा तास. याने पेशींची पटलं सैल होतात आणि अँटिबॉडी आत शिरते. मग १० टक्के नॉर्मल सीरम तासभर, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. सीरम कोणत्या प्राण्याचं? ज्या प्राण्यात तुमची दुसरी अँटिबॉडी तयार झाली त्याचं. (पहिली अँटिबॉडी पेप्टाइडला चिकटते, दुसरी पहिलीला चिकटून रंग आणते.) दुसरी अँटिबॉडी शेळीतली असेल तर शेळीचं सीरम. सीरम झटकून टाका, धुवू नका, आणि पहिली अँटिबॉडी घाला. रात्रभर, ४ अंशांवर, ओलसर डब्यात. आमच्याकडे स्टीलचा जेवणाचा मोठा डबा आहे, तळाला ओला टिश्यू पेपर आणि त्यावर दोन काचनळ्या. डबा सपाट ठेवा. तिरका राहिला तर थेंब एका बाजूला जातो, दुसरी बाजू कोरडी पडते आणि त्या कडेला सकाळी खोटा रंग झळकतो.

अँटिबॉडी किती पातळ करायची, ते कंपनीच्या कागदावरून फक्त सुरुवातीपुरतं घ्या. १:१००, १:२००, १:५००, १:१०००, १:२००० अशा पाच स्लाइड एकदाच लावा. तंतू सर्वांत ठळक आणि मागचा भाग सर्वांत काळा जिथे दिसतो, तेच तुमचं प्रमाण. नवीन बाटली आली की हे पुन्हा करावं लागतं.

दुसरा दिवस. दहा-दहा मिनिटं तीनदा धुवा. फ्लोरेसंट दुसरी अँटिबॉडी १:२०० ते १:५००, तासभर, अंधारात. पुन्हा तीनदा धुणं, केंद्रकांसाठी डीएपीआय, माउंटिंग मीडियम, कव्हरस्लिप, आणि कडा नेलपॉलिशने बंद. स्लाइड ४ अंशांवर अंधारात ठेवा आणि त्याच आठवड्यात फोटो घ्या.

तपकिरी रंगासाठी काही पायऱ्या वाढतात. सीरमच्या आधी ०.३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिथेनॉलमध्ये, अर्धा तास, म्हणजे ऊतकाचं स्वतःचं पेरॉक्सिडेज शांत होतं. नाकाच्या ग्रंथींत नैसर्गिक बायोटिनही असतं, म्हणून अ‍ॅव्हिडिन १५ मिनिटं आणि बायोटिन १५ मिनिटं देऊन ते झाका. दुसऱ्या दिवशी बायोटिन लावलेली दुसरी अँटिबॉडी, मग एबीसी मिश्रण (अ‍ॅव्हिडिन आणि बायोटिन लावलेलं पेरॉक्सिडेज). हे मिश्रण वापराच्या अर्धा तास आधी बनवून ठेवावं लागतं. शेवटी ०.०५ टक्के डीएबी. सूक्ष्मदर्शकाखाली नजर ठेवून रंग चढवा. दोन ते आठ मिनिटांत तंतू उमटले की लगेच बफरमध्ये टाका. घड्याळापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा, पण एका तुकडीतल्या सगळ्या स्लाइडना वेळ मात्र सारखीच द्या. हिमॅटॉक्सिलिन अगदी फिकं, १०-१५ सेकंद. गडद निळ्यात बारीक तंतू बुडून जातात. मग चढत्या अल्कोहोलमधून झायलीन आणि डीपीएक्स (कव्हरस्लिप कायमची चिकटवणारं माध्यम).

एक चूक नवीन मुलं हमखास करतात. बफर खराब होऊ नये म्हणून त्यात सोडियम अझाइड घातलेलं असतं, आणि तोच बफर पेरॉक्सिडेजच्या पायरीला वापरला जातो. अझाइड पेरॉक्सिडेजला मारतं. दोन दिवसांचं काम पांढरंफटक निघतं. अझाइडच्या बाटलीला लाल पट्टी लावा.

डीएबी कर्करोगकारक असण्याचा संशय आहे. पावडर उधळण्यापेक्षा गोळ्या घ्या, हातमोजे घाला आणि उरलेलं वेगळ्या बाटलीत जमा करा. मानवी ऊतकाचे उरलेले तुकडे पिवळ्या पिशवीत, पाती पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार.

दिसलं ते खरं आहे का?

शिकायला लागून तीन महिने झाले होते. अ‍ॅलर्जीच्या रुग्णाचं ऊतक, सबस्टन्स पी, हिरवा फ्लोरेसन्स. एपिथेलियमच्या खाली शेकडो हिरवे ठिपके. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी डोळा लावला, काही बोलल्या नाहीत, आणि ट्रेमधली शेवटची स्लाइड उचलून ठेवली. तीत पहिली अँटिबॉडी घातलेलीच नव्हती. तिथेही तेच शेकडो हिरवे ठिपके. "इओसिनोफिल आहेत," त्या म्हणाल्या. "आधी ही स्लाइड बघायची, मग बाकीच्या." तेव्हापासून मी तोच क्रम पाळते.

अ‍ॅलर्जी असलेल्या नाकात इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) भरपूर असतात आणि ते आपोआप हिरवे चमकतात. डीएबीतही त्यांचा त्रास आहे: त्यांचं स्वतःचं पेरॉक्सिडेज चिवट असतं, पेरॉक्साइड कमी पडलं तर ते तपकिरी होतात. म्हणजे नेमक्या आजारी गटात खोटा रंग जास्त आणि निरोगी गटात कमी. कंट्रोल नसेल तर यातून सुंदर दिसणारा, पूर्णपणे चुकीचा निष्कर्ष निघतो. लाल रक्तपेशी आणि इलॅस्टिनचे धागेही चमकतात. इलॅस्टिन वळणावळणाचं, सलग, गुळगुळीत असतं. त्याला मणी नसतात. इओसिनोफिल गोल, दाणेदार, सुटा. शंका आली तर लाल फिल्टर लावून पाहा. जे प्रत्येक फिल्टरमध्ये दिसतं ते तुमच्या अँटिबॉडीचं नाही.

म्हणून प्रत्येक तुकडीत कमीत कमी या स्लाइड हव्यातच: पहिली अँटिबॉडी वगळलेली, तिच्याऐवजी त्याच प्राण्याचं साधं सीरम लावलेली, आणि खात्रीने रंग देणारं ऊतक, जसं मोठ्या आतड्याची भिंत, जिच्या चेताजाळ्यात व्हीआयपी आणि सबस्टन्स पी दोन्ही भरपूर असतात. आतडं रंगलं आणि नाक नाही, तर पद्धत ठीक आहे, ऊतक तपासा. आतडंही रंगलं नाही तर अँटिबॉडी किंवा पायऱ्या तपासा.

चौथी स्लाइड शोषणाची. कामाच्या प्रमाणात पातळ केलेल्या अँटिबॉडीत १० मायक्रोमोलर सबस्टन्स पी मिसळा, रात्रभर ४ अंशांवर ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा द्रव नेहमीसारखा वापरा. अँटिबॉडी आधीच मिसळलेल्या पेप्टाइडला चिकटलेली असल्याने तंतू नाहीसे व्हायला हवेत. पण एवढ्यावर थांबू नका. मघाशी म्हटलं ते शेपूट आठवा: सबस्टन्स पी आणि न्यूरोकायनिन ए यांची शेवटची तीन अमिनो आम्लं सारखीच आहेत. अँटिबॉडी त्या शेपटाला ओळखत असेल तर तिला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून न्यूरोकायनिन ए घालूनही एक शोषण करा. त्यानेही रंग गेला तर वहीत 'सबस्टन्स पी' असं न लिहिता 'सबस्टन्स पीसारखी प्रतिक्रिया' असं लिहा. हे शब्द रुक्ष वाटतात, पण प्रामाणिक आहेत.

मोजताना

रुग्ण आणि निरोगी, दोन्ही गटांच्या स्लाइड एकाच दिवशी, एकाच ट्रेमध्ये रंगवा. आज एक गट आणि पुढच्या सोमवारी दुसरा असं केलं तर तुम्ही दोन सोमवारांची तुलना करत असता. शेजारच्या सेक्शनवर पीजीपी ९.५ लावा, म्हणजे एकूण तंतू किती आणि त्यांपैकी पेप्टाइड असलेले किती, असं प्रमाण काढता येतं. फक्त पेप्टाइडचे तंतू मोजले तर सुजलेल्या, फुगलेल्या ऊतकात ते विरळ भासतात. एपिथेलियमखालचा पट्टा, ग्रंथी आणि रक्तवाहिन्या यांची मोजणी वेगवेगळी ठेवा. तिन्हींची सरासरी काढली तर हाती काहीच उरत नाही. एका रुग्णाचे एकमेकांपासून दूरचे तीन सेक्शन तरी घ्या, आणि ठिपक्याला तंतू म्हणायचं की नाही याचा नियम पहिल्या दिवशीच लिहून काढा. मी किमान तीन मणी एका रेषेत दिसल्याशिवाय मोजत नाही.

स्लाइडवरची नावं झाकून दुसऱ्या कोणाकडून त्यांना क्रमांक द्यायला सांगा. क्रमांकांची यादी त्या व्यक्तीच्या कपाटात राहू दे. सगळी मोजणी संपली, आकडे वहीत शाईने उतरवून झाले, की मगच ती यादी मागा.